फाटक वाजवणारी मावशी

फाटकाचं कुलूप उघडण्याआधी ती किल्लीने लोखंडी नळीवर टकटक करायची. हळूच. घरात कुणाचं तान्हं बाळ निजलेलं असावं आणि आपण ठरल्या वेळेच्या जरा आधीच पोचलेलं असावं, तशी. मग मान कलती करून क्षणभर ऐकायची आणि म्हणायची, "आम्हीच आहोत. येतोय आत."

आत कोणीच नसायचं. शनिवारची सकाळ, शाळेला सुट्टी. पटांगणावर गुडघाभर धुकं आणि त्या धुक्यात मॅगपाय पक्षी घरमालकासारखे हिंडत असायचे.

"आत कोणी आहे का गं?" पहिल्याच शनिवारी प्रमोददादांनी मला मराठीत, दबक्या आवाजात विचारलं. ते आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. आयटीतले, पुण्याचे, इथे सिडनीत गिरावीनला राहणारे. त्यांच्या मागे आमच्या शनिवारच्या मराठी शाळेची पोरं आणि डबे घेतलेल्या आया.

तिला मराठी येत नव्हतं, पण प्रश्न कळला. "शाळा आहे, लव," ती लाडाने म्हणाली. "शाळा कधी रिकामी असते होय?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या मागून एखाद्या जागेत शिरलं की ती जागा आपल्याकडे बघते आहे असं वाटतं. एकट्याने गेलं की नुसत्या भिंती आणि खुर्च्या.

तिचं नाव मी लिहिणार नाही. विसरलेले नाही, विसरणं शक्य नाही. कारण पुढे येईलच. आम्ही मराठी माणसं तिला मावशी म्हणायचो, इथेही तेच म्हणते.

शाळा वेंटवर्थव्हिलच्या किराणा दुकानांपासून बसने बरीच पश्चिमेला. सरकारी हायस्कूल. विटांच्या बुटक्या इमारती, पत्र्याचे व्हरांडे, सालं गळणारी गमची, म्हणजे निलगिरीची, झाडं. इथल्या मूळच्या, ॲबोरिजिनल लोकांची मुलं पिढ्यान्‌पिढ्या इथेच शिकत आलेली. आजूबाजूच्या गोऱ्या वस्तीने तिला फार पूर्वी 'ब्लॅक स्कूल' नाव ठेवलं. हिणवायला ठेवलेलं. मावशीने ते नाव उचलून आपल्या जाकिटावर शिवून घेतलं होतं, पाठीवर, पिवळ्या दोऱ्याने. "फुकट मिळालंय, टाकायचं कशाला?"

मी तिथे गणित शिकवायला लागले तेव्हा युनी, म्हणजे युनिव्हर्सिटी, संपवून फार दिवस झाले नव्हते. कंत्राटी नोकरी, एकेका टर्मची. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारलं, वीकेंडला काय केलंस? मावशीने विचारलं, "हू'ज युअर मॉब, बब? तुझी माणसं कोण?" बब म्हणजे तिच्या भाषेत बाळ.

माझं डोकं फिरलं. मी परभणीची. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे आणि उरलेल्या वेळात चळवळीची पत्रकं छापायचे. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. 'बंधूंनो आणि भगिनींनो, उठा!' या ओळीवर मी वाचायला शिकले. तुझी माणसं कोण, गाव कुठलं, आडनाव काय, हे प्रश्न कशासाठी विचारतात ते मला आईच्या कडेवर असल्यापासून ठाऊक होतं. मी तिला तसं सांगितलंही, जरा तावातच. आमच्याकडे हे विचारून माणसाला कुठे बसवायचं ते ठरवतात.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. ती रागावलेल्या माणसाचं फार मन लावून ऐकायची, गाणं ऐकावं तसं.

"बस आधी," ती म्हणाली, आणि शेजारची खुर्ची पायाने पुढे सारली. "मी विचारते ते यासाठी, की तू हरवलीस तर कुणाला कळवायचं."

कागदोपत्री तिचं काम शाळा आणि ॲबोरिजिनल कुटुंबं यांच्यात दुवा म्हणून राहण्याचं होतं. प्रत्यक्षात काय होतं ते कुणालाच नीट सांगता यायचं नाही. सकाळी कँटीनमध्ये ती टोस्टवर लोणी लावत असायची, कारण रिकाम्या पोटी आलेलं पोर तिला चालण्यावरून ओळखू यायचं. दुपारी कुणाच्या आईबरोबर कोर्टात. कुणी शाळेत यायचं थांबलं की ही त्याच्या घरासमोर गाडी लावायची आणि गाडीतच बसून राहायची. हॉर्न नाही, हाक नाही. रेडिओवर फूटी, म्हणजे इथला रग्बीचा सामना, लावून बसायची. शेवटी ते पोर वैतागून बाहेर यायचं, "आंटी, जा ना!" म्हणायचं, आणि दप्तर घेऊन गाडीत बसायचं.

वस्तीत कुणी गेलं की मयताचं जेवण शाळेच्या हॉलमध्ये. कुणाला कामावरून पत्र आलं की ते वाचायला माणसं हॉलमध्ये. नातवाला युनीत प्रवेश मिळाला की केक हॉलमध्येच. मुलं तर यायचीच, पण मुलांचे आजोबाही यायचे, काही काम नसताना, आणि व्हरांड्यात बसायचे. हेडमास्तर नवीन होते तेव्हा त्यांनी विचारलं, हे गृहस्थ कोण? मावशी म्हणाली, "विद्यार्थी. जरा जुना आहे."

हॉलच्या भिंतीवर तसबिरी होत्या. जुन्या वर्गांच्या, खेळाडूंच्या, पहिल्यांदा नर्स झालेल्या मुलीची. दुपारी उंच खिडक्यांतून ऊन तिरपं यायचं आणि धूळ त्या चेहऱ्यांपुढून इतक्या संथपणे तरंगत जायची, की वाटायचं ही मुलं पाण्याखालून आपल्याकडे बघताहेत. काही तसबिरींवर कापड टाकलेलं असायचं. मी एकदा विचारलं.

"गेलेली," ती म्हणाली. "काही दिवस त्यांचं तोंड बघायचं नसतं, नाव घ्यायचं नसतं. त्यांना शांतपणे जाऊ द्यायचं. प्रत्येक घराचं वेगळं असतं. कुणी लवकर काढतं कापड, कुणी उशिरा, कुणी टाकतच नाही. घरच्यांनी ठरवायचं."

माझी आजी आठवली. तिने जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही, पण ते वेगळ्या कारणाने, आणि त्या कारणावर माझ्या वडिलांनी एक पत्रक काढलं होतं. मी मावशीला सांगितलं तेव्हा ती खो खो हसली. "तुझ्या बापाने सासूसुनांवरही पत्रक काढलं असेल."

काढलं होतं.

शाळेचा इतिहास मला तिच्याकडूनच हवा होता. वही घेऊन बसायचे. मला तारखा हव्या होत्या, ठरावांचे क्रमांक हवे होते. ती सांगायची ते असं: तिची आई लहान असताना गावातल्या शाळेत एका गोऱ्या पालकाने तक्रार केली, की काळी मुलं वर्गात नकोत. तसा नियमच होता तेव्हा, एका तक्रारीवर मुलांना घरी पाठवायचं. घरी पाठवलं. पुढे ही सगळी कुटुंबं कारखान्यांच्या कामाला सिडनीत आली. गुरांच्या कुरणावर हे हायस्कूल उभं राहिलं. दार सगळ्यांना उघडं होतं, फक्त काळ्या मुलांना आत लाकूडकाम आणि स्वयंपाक शिकवायचे. बीजगणित त्यांना झेपणार नाही म्हणायचे.

"मग माझी आई ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसली. विणकाम घेऊन. घोषणा नाही, काही नाही. साहेब म्हणाला, बाई, काय पाहिजे? म्हणाली, बीजगणित. दुसऱ्या दिवशी शेजारीण बसली तिच्याबरोबर. मग तिची बहीण. साहेबाला ऑफिसात जायला पायरीच उरली नाही. खिडकीतून जायचा म्हणे."

"किती दिवस बसल्या होत्या?"

"स्वेटर पुरा झाला तोपर्यंत."

"महिना कुठला? थंडीचा?"

"कडाक्याची थंडी."

पुढच्या खेपेला तीच गोष्ट सांगताना मरणाचा उकाडा असायचा आणि आई पंखा हलवत बसलेली असायची. त्याच्या पुढच्या खेपेला जॅकरंडा फुलून गळेपर्यंत बसलेली. मी चिडायचे. मावशी, पुरावा लागतो, असं चालत नाही.

"पुरावा तू आहेस ना," ती म्हणायची. "बीजगणित शिकवायला आलीस." मग कपाळावर हात मारायची. "आईने भांडून आणलेला विषय, आणि मी त्यात नापास झाले. शेम जॉब! अख्ख्या वस्तीत तोंड दाखवायला जागा नाही."

मराठी शाळेला हा हॉल तिनेच मिळवून दिला. वेंटवर्थव्हिलच्या हॉलचं भाडं वाढलं तेव्हा मी सहज बोलले, आणि तिने हेडमास्तरांपुढे खुर्ची ओढली. पोरं तिला काय म्हणणार हा प्रश्न आला. तिशीतल्या आमच्या आयांना कुणी आंटी म्हटलं की आठवडाभर तोंड उतरतं, आणि इथे ही बाई सगळ्यांना बजावत होती की मला आंटीच म्हणायचं. तिच्या लोकांत तो मान आहे. प्रमोददादांच्या इराने विचारलं, "बट आंटी काकू का आंटी मावशी?" मी फरक समजावला: काकू म्हणजे काकाची बायको, मावशी म्हणजे आईची बहीण.

मावशी लगेच म्हणाली, "आईची बहीण. आमच्यात आईची बहीण म्हणजे आईच." आणि तेव्हापासून ती मावशी. उच्चार ती 'माउशी' असा करायची, पण अभिमानाने.

दिवाळीच्या कार्यक्रमात आमच्या हातून जे झालं, ते आमच्याच हातून होऊ शकतं.

जॅकरंडाचा बहर होता. पटांगणभर जांभळा सडा, त्यावर आमच्या बायकांनी काढलेली रांगोळी, कुठली फुलं आणि कुठला रंग ते कळत नव्हतं. मी फाटकापाशी चिवड्याचे डबे उतरवून घेत होते. आत प्रमोददादांना कल्पना सुचली, की ज्या शाळेने आपल्याला जागा दिली तिच्या पूर्वीच्या मुलांना वंदन करावं. त्यांनी झेंडूचे हार आणलेच होते. स्टुलावर चढून त्यांनी एकूण एक तसबिरीला हार घातला. तेव्हा एकाच तसबिरीवर कापड उरलं होतं, तेही काढलं. धूळ बसू नये म्हणून टाकलंय, असं त्यांना वाटलं. काचासुद्धा पुसल्या.

मी आत आले तेव्हा मावशी स्टेजवर होती. प्रमोददादांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या. ती प्रेक्षकांना मान लववायला वळली आणि तिला भिंत दिसली.

टाळ्या आपोआप थांबल्या. ती पायऱ्या उतरून खाली आली. नारळ माझ्या हातात दिला. एका तसबिरीपाशी गेली. फूटीचा कप हातात धरलेला एक मुलगा होता, दात पुढे, हसरा. तिने त्याचा हार काढला, खांद्यावरची शाल काढली आणि तसबिरीवर टाकून तिची टोकं चौकटीच्या मागे खोचली.

"याला अजून झाकलेला राहू दे," ती म्हणाली. "त्याच्या आईला बघवत नाही अजून."

प्रमोददादांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "आय'म सो सॉरी," ते म्हणत राहिले. "आम्हाला माहीत नव्हतं. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात. रिस्पेक्ट म्हणून."

"गेलेल्या?" मावशी म्हणाली. मग चालत चालत एका वर्गाच्या तसबिरीपुढे थांबली. दुसऱ्या रांगेत दोन वेण्या घातलेली, कॅमेऱ्याकडे रागाने बघणारी एक मुलगी. ती स्वतः. काचेवर भरगच्च झेंडू.

"म्हणजे तुम्ही मला पुरलंत?"

मला वाटलं आता फुटणार. ती फुटली, हसण्याने. भिंतीला टेकून हसली, गुडघ्यावर हात ठेवून हसली, आणि तिच्यामागे हॉल हसला, भीत भीत. "ऑफिसला कळवा रे, मी वारले! उद्यापासून टोस्ट दुसऱ्या कुणीतरी लावा!" त्या दिवशी तिने जिवंत माणसांचे सगळे हार उतरवून स्वतःच्या गळ्यात घातले आणि तशीच गाडी चालवत घरी गेली. खिडकीत केशरी ढीग, त्यावर तिचा चेहरा.

काही महिन्यांनी त्या मुलाची आई एका सकाळी आली. तिने स्वतःच्या हाताने शाल काढली, पोराकडे बराच वेळ बघितलं, शालीची घडी करून मावशीला दिली. मावशीने ती कपाटात ठेवली.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यामुळे माझी झोप उडाली होती.

शाळेचा पट कमी होत चालला होता. शिक्षण खात्याच्या मनात एक विचार घोळू लागला, की हे हायस्कूल सिलेक्टिव्ह करावं. म्हणजे प्रवेश परीक्षेने. जे मार्क मिळवतील त्यांना दार उघडं, मग ते कुठूनही येवोत. वस्तीतल्या मुलांनी बसने लांबच्या दुसऱ्या शाळेत जावं. आणि याला जोरात पाठिंबा कोण देणार होतं? आपणच. ज्या पालकांची मुलं चौथीपासून कोचिंगला जातात ते आपण. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑनलाइन अर्जाची लिंक आली: 'आपल्या भागात सिलेक्टिव्ह स्कूल हवं! सही करा, फॉरवर्ड करा.' खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. लिंक टाकणारे प्रमोददादा.

मी त्यांना त्याच हॉलमध्ये गाठलं. "दादा, ज्या घरात बसून चहा पिता त्याच्या मालकाला बाहेर काढायचा अर्ज करता?"

"प्रज्ञा, तू जरा शांत हो. कुणाला बाहेर काढत नाहीये. परीक्षा सगळ्यांना ओपन आहे. मेरिटवर असावं ना शेवटी?"

"मेरिट!" मी ओरडले. या शब्दावर आमच्या घरी किती पत्रकं निघाली ते त्यांना काय सांगू.

त्या रविवारी मी माझं पत्रक लिहिलं. मराठीत. 'मेरिटच्या पालखीचे भोई' असं शीर्षक, आणि खाली एकूण एक वाक्य जळतं. सोमवारी मावशीला इंग्रजीत करून वाचून दाखवलं, उभं राहून, हात हलवत. ती टोस्टवर लोणी लावत होती.

"डेडली," ती म्हणाली. तिच्या तोंडी हा शब्द कौतुकाचा. "आगच आहे. आता हे वाचून कोण बदलेल?"

मी कागदाची घडी घातली.

"जो आधीच तुझ्या बाजूला आहे तो टाळ्या वाजवेल. तो तुझा दादा मात्र मान खाली घालून जाईल, आणि शनिवारी दुसरा हॉल शोधेल. तू कधी बसलीस त्याच्याशी?"

"मावशी, ते तुमची शाळा काढून घेताहेत! तुम्हाला राग कसा येत नाही?"

तिने सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच म्हातारा झालेला पाहिला. "ही गेली तर माझी पोरं बसमध्ये बसून कुठेतरी जातील आणि तिथे त्यांना कोणी ओळखणार नाही. दुसऱ्या टर्मपर्यंत निम्मी घरी बसतील. मी कुणाकुणाच्या घरापुढे गाडी लावू? राग येतो, बब. माझी आई मेली तरी तिचा राग अजून माझ्या पायात आहे, म्हणून तर उभं राहवत नाही." मग पुन्हा सुरी उचलून म्हणाली, "शनिवारी सगळ्यांना थांबव. जेवण मी करते. तुझं पत्रक पिशवीतच ठेव."

त्या शनिवारी मराठी शाळा सुटल्यावर पालक थांबले. काही जण गाडीच्या किल्ल्या हातात खेळवत. मावशीने खुर्च्या गोल मांडल्या होत्या, स्टेज नाही, माइक नाही. तिने सॉसेज आणि भाजलेला भोपळा केला होता, शाकाहारी लोकांसाठी वेगळ्या तव्यावर. सगळ्यांना हवं होतं की तिने भाषण करावं, म्हणजे उत्तर देता येईल. तिने भाषण केलंच नाही.

"तुमच्या घरात पहिल्यांदा शाळेत कोण गेलं?" तिने विचारलं. "एवढंच सांगा. मला तुमची माणसं कळू देत."

मग इचलकरंजीची एक आई म्हणाली, तिची आईच पहिली, सातवीपर्यंत. कुणाचे पणजोबा होते. कुणी म्हणालं, आमच्याकडे सगळे आधीपासूनच शिकलेले. प्रमोददादाही तेच म्हणाले, आणि मग थांबले. "पुरुष. पुरुष शिकलेले. आजीला चौथीतून काढली होती. ती पाढे म्हणायची स्वयंपाक करताना. तीसपर्यंत. मला तिनेच शिकवले." त्यांनी चष्मा काढून पुसला, उगाचच.

मग मावशीने माझ्याकडे बघितलं. "आणि तू, बब?"

माझ्या पिशवीत पत्रक होतं. मेरिटवरची सगळी वाक्यं मला पाठ होती. पण या खोलीत, या माणसांपुढे, मी हे कधी बोलले नव्हते.

"माझे आजोबा," मी म्हणाले. "वर्गात नाही बसले. दाराबाहेर बसायचे, जिथे मुलं चपला काढायची तिथे. गुरुजी त्यांच्या पाटीला हात लावायचे नाहीत. लांबून बघायचे आणि काठीने खूण करायचे, बरोबर की चूक. चपलांमध्ये बसून ते शिकले, आणि गणितात पहिले आले."

मराठी माणसांना पुढचं सांगावं लागत नाही. माझं आडनाव त्यांनी इतक्या वर्षांत मनातल्या मनात कुठे ठेवलं असेल ते असो, त्या दिवशी ते सगळ्यांच्या मधोमध येऊन बसलं.

मावशी एवढंच म्हणाली, "तुझ्या आजोबाला माझ्या आईशेजारी बसवायला हवं होतं. पायरीवर जागा होती." आणि उठून भोपळा वाढायला लागली.

चमत्कार झाला नाही, हे सांगायला हवं. मी पत्रकं वाचून वाढलेली, मला शेवटी विजय लागतो. काही कुटुंबांनी खरंच दुसरा हॉल धरला. इरा परीक्षा देऊन दुसरीकडच्या सिलेक्टिव्ह स्कूलमध्ये गेली. पण प्रमोददादांनी ग्रुपवरून लिंक काढली, आणि खात्याची माणसं जेव्हा पालकांचं म्हणणं ऐकायला आली, तेव्हा मागच्या रांगेत मावशीच्या दोन्ही बाजूंना मराठी आया बसल्या होत्या, डबे मांडीवर घेऊन. एक तर चक्क विणत होती. प्रमोददादा उभे राहिले आणि म्हणाले, ही शाळा जिची आहे तिचीच राहू दे. पुढे खात्याने निर्णय लांबणीवर टाकला. अजून तरी शाळा तशीच आहे. अजून तरी, हे दोन शब्द मावशी रोज सकाळी चहात साखर टाकावी तसे टाकायची.

थंडीत तिचा खोकला वाढला. मग ती यायची थांबली. तिच्या घरासमोर गाडी लावून बसायला आम्ही गेलो, पण ती बाहेर येण्याच्या पलीकडे गेली होती.

तिच्या मयताचं जेवण हॉलमध्येच झालं. एवढी माणसं, की पटांगणावर उभी होती, कोर्टातले वकील, टोस्ट खाऊन मोठे झालेले बाप्ये, व्हरांड्यातले जुने विद्यार्थी. तिच्या भाचीने आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की आता काही काळ तिचं नाव घ्यायचं नाही, तिचा फोटो लावायचा नाही. म्हणून हे नाव इथे नाही. मला लिहितानाही ते बोटांच्या टोकाशी येतं आणि मी थांबते.

प्रमोददादा हातात पिशवी घेऊन उभे होते. पिशवीत झेंडूचा हार. या वेळी त्यांनी तो बाहेर काढला नव्हता. "हिला विचार ना," ते मला म्हणाले, "चालेल का कुठे. आणलाय तर खरा."

भाचीने तसबिरीकडे बघितलं. दोन वेण्यांची मुलगी दुसऱ्या रांगेतून रागाने बघत होती. "हे झाकायला कापड आहे का कुणाकडे?"

मी कपाट उघडलं. शाल तिथेच होती, आमच्या मंडळाची, त्या आईने घातलेल्या घडीत. भाची स्टुलावर चढली, प्रमोददादांनी स्टूल धरलं. शालीचे जरीचे काठ चौकटीवरून खाली आले आणि अख्खा वर्गच झाकला गेला.

"आणि आमची मुलं तिला मावशी म्हणतात," मी म्हणाले. "तेही बंद करायचं का?"

भाचीला मी अर्थ सांगितला. ती रडता रडता हसली. "ते नाव नाही ना. ते नातं आहे. ते म्हणा खुशाल." मग हाराकडे बोट करून म्हणाली, "तो फाटकाला बांधा. तिला ते फाटक फार आवडायचं."

पुढच्या शनिवारी किल्ली माझ्याकडे होती. धुकं होतं. फाटकावर झेंडू सुकून मातकट झाला होता. माझ्या मागे मराठी शाळेची पोरं, डबे घेतलेल्या आया, प्रमोददादा. इरा नसली तरी ते येतात. मी किल्लीने नळीवर टकटक केली. पोरं कुणी न सांगता गप्प झाली. "आम्हीच आहोत," मी म्हणाले. "येतोय आत."

आणि ऐकत उभी राहिले. जरा जास्तच वेळ. आत मॅगपाय हिंडत होते. हॉलच्या खिडक्या धुक्यात तरंगत होत्या.

"उघड आता, प्रज्ञा," मागून प्रमोददादा हळूच म्हणाले. "मावशी केव्हाची बसली असेल आत."